एकगठ्ठा

भाजीवालीनं पिशवीत टाकलेली कोथिंबिरीची जुडी परत काढून घेतली. संयोगिताला आधी वाटलं, बाई जुडी बदलून देतेय. पानं पिवळी असतील, मुळांना चिखल जास्त असेल. तिनं पिशवी तशीच उघडी धरून ठेवली. भाजीवालीनं जुडी पाण्याच्या डब्याशेजारी ठेवली, मग पिशवीतली वांगी काढली, गवार काढली आणि सगळं आपापल्या ढिगावर परत टाकलं. "तुमास्नी न्हाय द्यायचं," ती म्हणाली. "दुसरीकडं बगा." कपिलतीर्थ मंडईत सकाळची गर्दी होती. शेजारच्या दोघी-तिघी मान वळवून बघायला लागल्या. "का?" असं संयोगितानं विचारलं खरं, पण शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिला उत्तर कळलेलं होतं. "का म्हंजे? माझ्या भावानं तुमच्या धारोष्णचं शेअर घेतलंतं. मेव्हण्यानं घेतलंतं. गावची कंपनी म्हणून घेतलंतं. तुमी इकून मोकळं झालासा, आन् त्येनी बसल्यात कपाळाला हात लावून." बाईनं हे ओरडून सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं सांगितलं, आणि लगेच मागच्या माणसाकडं बघून म्हणाली, "बोला, काय देऊ?"

रिकामी पिशवी हातात घेऊन संयोगिता गाडीपाशी आली, आत बसली, काचा वर केल्या. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. रडू येईल म्हणून ती थांबली, पण ते आलं नाही. आरशात बघितलं तर ओठ एका बाजूला किंचित ओढले गेलेले. अनोळखी माणूस असतं तर तिनं त्याला हसू म्हटलं असतं. चार वर्षं ह्याच बायका तिला पाहून आवाज खाली आणत. दोन भेंड्या जास्तीच्या टाकत, 'असू द्या वैनी' म्हणत, आणि ती पाठमोरी झाली की हळहळत. विधवेला द्यायची ती हळहळ तिनं पिशव्या भरभरून घरी नेली होती. आज पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी काढून घेतलं होतं. तिला जरा हुशारी वाटली, आणि त्या हुशारीची भीतीही वाटली.

धारोष्ण टेक्नॉलॉजीज ही तिच्या नवऱ्यानं, अमरसिंहानं, आणि त्याच्या चुलतभावानं, उदयसिंहानं उभी केलेली कंपनी. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर फॅट मोजायची यंत्रं, गवळ्याच्या मोबाईलवर हिशेब पाठवणारी प्रणाली, अलीकडं म्हशीच्या गळ्यात बांधायचा एक पट्टा, जो म्हैस आजारी पडायच्या आधीच सांगतो. शिरोलीच्या एमआयडीसीत कारखाना, पुण्यात काचेचं ऑफिस, आणि शेअर बाजारात नाव. कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघावर लोक जीव टाकतात तसा त्यांनी ह्या शेअरवर टाकला होता. अमरसिंह गेल्यावर त्याचा वाटा संयोगिताच्या नावावर आला. मूलबाळ नव्हतं. उदयसिंहाखालोखाल सगळ्यात मोठा वाटा तिचा. गेल्या आठवड्यात तिनं तो सगळा विकला आणि भाव दोन दिवस खालच्या टोकाला आपटला. अजूनही तिथंच पडून होता, मार खाऊन बसलेल्या जनावरासारखा.

विकण्यात पाप नव्हतं, हे ती गाडी चालवताना स्वतःला सांगत राहिली. आपली वस्तू आपण विकली. पण विकायच्या दोन तऱ्हा होत्या आणि धवलनं दोन्ही समजावून सांगितल्या होत्या. धवल म्हणजे त्यांच्या घराचे शेअरचे व्यवहार बघणारा राजारामपुरीतला दलाल. सभ्य माणूस, बोलताना टेबलावरची टाचणीसुद्धा सरळ करून ठेवणारा. "ताई," तो म्हणाला होता, "एखादा मोठा फंड गाठू. भाव ठरवू. सगळा गठ्ठा त्याच्या हातात देऊ. बाजाराला धक्का बसत नाही. नाहीतर सहा-आठ महिने थोडे थोडे विकू." "आणि सगळे एकदम बाजारात टाकले तर?" धवलनं टाचणी सोडली. "एकदम? तेवढे घ्यायला गिऱ्हाईक नसतं, ताई. भाव खाली येतो, अजून खाली येतो. त्यात विकणाऱ्याचं नाव जाहीर होतं. लोक म्हणतात, घरचीच माणसं बाहेर पडतायत म्हणजे आत काहीतरी सडलंय. मग तेही विकत सुटतात. तुम्ही विकाल त्याच्या कितीतरी पट भीतीनं विकले जातील. आणि तुमचेच शेवटचे शेअर सगळ्यात पडेल भावानं जातील." "आत काही सडलंय?" "माझ्या माहितीत नाही. निकाल तर चांगले आहेत." "माझ्याही माहितीत नाही," संयोगिता म्हणाली. "एकदम विका." धवलनं तिच्याकडं बघितलं, चष्मा काढला, पुसला, आणि परत विचारलं नाही. काही न विचारणं हा त्याच्या धंद्यातला शहाणपणा होता. पण तिला त्याचाही राग आला होता. कुणीतरी 'का' म्हणून विचारावं, असं तिला त्या दुपारी फार वाटत होतं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मात्र तिला माहीत नव्हतं.

चहाचं सांगितलं असतं का? हसला असता तो. वारणानगरच्या कॉलनीतल्या दोन खोल्या तिला आठवल्या की आधी वास येतो, नासक्या दुधाचा आणि ॲसिडचा. ती तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. अमरसिंह नोकरी सोडून यंत्राच्या मागं लागला होता. यंत्र दुधात एक किरण सोडायचं आणि आकडा दाखवायचं. पण तो आकडा खरा की खोटा हे ठरवायला दुसरा, खरा आकडा लागतो. तो संयोगिता काढायची. कॉलेज सुटलं की ओट्यावर काचेच्या नळ्या मांडायच्या, नळीत ॲसिड, त्यावर अलगद दूध, नळी हातात धरली की ती चटका बसेल इतकी तापायची, दूध आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं व्हायचं. चक्रात फिरवून बाहेर काढलं की वर फॅटची सोनेरी रेघ. ती मोजायची आणि ओरडून सांगायची. आतून अमरसिंह "चुकतंय" म्हणायचा नाहीतर "जुळलं". दोन वर्षं त्यांच्यात जे काही बोलणं झालं ते बहुतेक ह्या दोन शब्दांत. तिच्या साड्यांना भोकं पडली. डाव्या मनगटावर एक पांढरा डाग राहिला. दूध पिणं कायमचं सुटलं, नुसत्या वासानं पोटात ढवळायचं. पण "जुळलं" म्हणताना त्याचा आवाज जो व्हायचा, तसा तो लग्नातही झाला नव्हता.

उदयसिंह मग आला, बुलेटवरून. त्याच्याजवळ ना किरण होता ना नळी, पण जिल्ह्यातला एकही चेअरमन असा नव्हता की ज्याच्या खांद्यावर त्याला हात टाकता येत नव्हता. तो यंत्र घेऊन गावोगाव हिंडला आणि कंपनी झाली. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते कंपनीच्या पाचव्या वर्षीच्या कार्यक्रमात. शिरोलीच्या कारखान्याचं उद्घाटन, मांडव, फेटे. उदयसिंहानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "ही कंपनी पैशावर नाही, आमच्या वैनीसाहेबांच्या हातच्या चहावर उभी राहिली." टाळ्यांचा नुसता कडकडाट. तिला उभं राहून नमस्कार करावा लागला. नमस्कार करताना तिनं पहिल्या रांगेत बघितलं, तर अमरसिंहही टाळ्या वाजवत होता. मनापासून, हसत. घरी जाताना गाडीत तिनं विचारलं, "चहा?" तो म्हणाला, "अगं, बोलायची पद्धत असते ती." पुढं प्रत्येक समारंभात तो चहा आला. कंपनीच्या माहितीपत्रकात आला. बाजारात शेअर आले त्या दिवशी मुंबईच्या वार्ताहरांपुढंही आला. माणसाच्या अंगावर रोज एकाच जागी पाण्याचा एक थेंब पाडला तर तो वेडा होतो म्हणतात. ती वेडी झाली नाही. ती गप्प झाली, आणि सगळ्यांना वाटलं की वैनी मोठ्या मनाच्या आहेत.

अमरसिंह गेला तो गगनबावड्याच्या वाटेवर. वरच्या एका केंद्रातलं यंत्र बिघडलं होतं. माणूस पाठवायचा सोडून तो स्वतः निघाला, सोबत जोतीराम. जोतीराम म्हणजे कंपनीचा पहिला मेकॅनिक, कोडोलीचा. परतीला धुक्यात अमरसिंहाच्या छातीत कळ आली आणि जोतीरामनं गाडी खाली आणेपर्यंत सगळं संपलं. उदयसिंह म्हणाला, "शांतपणे गेला, वैनी." डॉक्टर तेच म्हणाले, पाहुणे तेच म्हणाले. तेराव्यानंतर जोतीराम एकटा आला, पायरीवर बसला, आणि म्हणाला, "वैनी, खोटं कशाला बोलू? लई तडफडलं सायेब. माझा हात सोडत नव्हतं. तुमचं नाव घेतलं न्हाय. श्वासच नव्हता त्येनला नाव घ्यायला." ते ऐकल्यावर ती मनापासून रडली, एकदाच. चार वर्षांत तिच्याशी खरं बोललेला तेवढा एकच माणूस.

बाकी सगळं गोड. एक दिवस कंपनीकडून गोड भाषेत पत्र आलं की प्रवर्तकांच्या यादीतून आपलं नाव कमी करण्यात येत असून यापुढं आपण 'सार्वजनिक भागधारक' असाल. उदयसिंहाला फोन केला तर म्हणाला, "वैनी, कागदोपत्री सोय आहे हो, तुम्हाला काय फरक पडतो? घरच्याच तुम्ही." सार्वजनिक. सार्वजनिक नळ असतो, सार्वजनिक वाचनालय असतं. नवरा मेलेली बाईही सार्वजनिक होते, हे तिला नव्यानं कळलं. मग ह्या नवरात्रात उदयसिंहाच्या ड्रायव्हरनं एक पैठणी आणली आणि पैठणीखाली एक करार. उदयसिंहाला विचारल्याशिवाय तिनं एकही शेअर विकायचा नाही, अशा अर्थाचा. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली, शाळेतल्या पोरीला दाखवावी तशी. ती फुली बघत ती बराच वेळ बसली. यादीतून काढताना ती परकी होती आणि बांधून घालताना घरची. दुसऱ्या दिवशी तिनं पैठणी आणि करार दोन्ही परत पाठवलं आणि राजारामपुरीत धवलकडं गेली.

भाव कोसळला त्या दिवशी उदयसिंहाचा फोन आला. काय बोलला ते तिला नीट आठवत नाही. शिव्याही होत्या त्यात. तिनं फोन कानापासून थोडा लांब धरला आणि ऐकत राहिली. वैनीसाहेब नाही, चहा नाही. त्याचा आवाज फाटला होता. "एवढं वैर?" तो ओरडला, "सांगितलं असतंसा तर मी घेतलं नसतं काय?" "म्हणूनच सांगितलं नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. जुळलं, असं काहीतरी तिच्या मनात उमटून गेलं. मग घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तिला काढलं. 'घरच्यांनीच सोडली साथ' असं पेपरात छापून आलं. नागाळा पार्कात तिच्या बंगल्यासमोरून फिरायला जाणारी माणसं पलीकडच्या कडेनं जायला लागली. आणि आज कोथिंबीर.

ती घरी पोचली तेव्हा फाटकापाशी जोतीराम उभा होता. टोपी हातात, मोटारसायकल भिंतीला लावलेली. घामेजला होता. "वैनी, आत येत न्हाय. एकच इचारायला आलोतो," तो म्हणाला. "कंपनीत काय झालंय काय?"

"म्हणजे?"

"तुमी इकलासा म्हणून. लोक काय बी बोलाय लागल्यात. अमरसिंहसायबांची बायकू उगंच इकंल व्हय, म्हणत्यात, तिला आतलं ठावं असणार. माझं बी हाईत की थोडं, सायबांनी दिलेलं. त्येच्यावर कोडोलीत शेड बांधाय काढलंय, यंत्रं दुरुस्तीचं. भिंती झाल्यात, पत्रं ऱ्हायल्यात. आमची बयाबाई म्हणती, वैनीस्नीच जाऊन इचार, त्या खोटं सांगणार न्हाईत." त्यानं टोपी ह्या हातातून त्या हातात घेतली. "ठेवू का काढू?"

उत्तर साधं होतं. काही झालेलं नाही, जोतीराम, मी रागानं विकले, तू ठेव. एवढं बोलायला श्वास तरी किती लागतो? शब्द तिच्या जिभेवर आलेही होते. पण मंडईतली ती हुशारी अजून अंगात होती, कानाच्या पाळ्या अजून गरम होत्या, आणि समोर उभा असलेला माणूस तिला एकाएकी त्या सगळ्या गावातलाच एक वाटला. ह्यालाही शेअरचंच पडलंय. ह्यानंही विचारलं नाही की वैनी, तुम्ही का विकलंत. आणि आतल्या आत आणखी एक गोष्ट होती, जी तिला नंतर कित्येक दिवसांनी नीट दिसली. ती 'काही झालेलं नाही' म्हणाली असती तर जोतीरामनं ते शिरोलीत सांगितलं असतं, शिरोलीतून गावात गेलं असतं, आणि उदयसिंहाचा जीव भांड्यात पडला असता. गावाला जी भीती पडली होती ती तिची होती, तिच्या हातची. ती सोडवेना.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "मी आता कंपनीची कोण? उदयसिंहाला विचार."

"त्येनी ठेव म्हणत्यात."

"मग?"

"त्येनी तर म्हणणारच की," जोतीराम म्हणाला आणि थांबला. तो वाट बघत होता. तिनं फाटकाची कडी वर केली, खाली केली. समोरच्या बंगल्यात कुणीतरी सतरंजी झटकत होतं, धप् धप्. "ज्याचं त्यानं बघावं, जोतीराम," ती म्हणाली. त्यानं तिच्या तोंडाकडं एक क्षण बघितलं. गाडी खाली आणताना अमरसिंहाच्या तोंडाकडं त्यानं असंच बघितलं असेल, असं तिला वाटून गेलं. मग "बरं" म्हणून त्यानं टोपी घातली. त्या 'बरं'मध्ये त्याला जे कळायचं ते कळलं होतं आणि ते साफ चुकीचं होतं. हे तिला त्याच क्षणी समजलं होतं. मोटारसायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत हाक मारायला अवधी होता. तिनं फाटक लावलं.

पुढचे दिवस तिनं जिंकणाऱ्या माणसासारखे घालवले, म्हणजे काहीच केलं नाही. सकाळी पेपर आला की आतलं पान आधी उघडायची. भाव आणखी थोडा खाली, आणखी थोडा. मग एका सोमवारी जरासा वर. तिला वाटलं, मरायच्या आधी माणूस उठून बसतो तसं असेल. मंगळवारी आणखी वर. पेपरात बातमी आली की कुठल्याशा मोठ्या फंडानं धारोष्णमध्ये भरपूर शेअर घेतलेत. तिच्याच गठ्ठ्यातले बरेचसे त्यांनी पहिल्याच आठवड्यात उचलले होते. दिवाळी झाली. पणत्या काढून ठेवायच्या सुमाराला तो आकडा, ज्या आकड्यावर तिनं विकायला सुरुवात केली होती तो, मागं पडलेला होता. तिनं पेपरची घडी घातली. तिनं घाव घातला होता आणि तो पाण्यात मारलेल्या काठीसारखा मिटून गेला होता. ज्या वस्तूसाठी तिच्या साड्यांना भोकं पडली तिला आता अमरसिंहाची गरज नव्हती, तिची नव्हती, तिच्या वैराचीसुद्धा नव्हती.

उदयसिंह एका दुपारी न कळवता आला. सोफ्यावर ऐसपैस बसला, चेहरा तुकतुकीत. "वैनीसाहेब, फोनवर तोंडातून काय काय गेलं, ते पोटात घाला," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर तुम्ही माझ्यावर उपकारच केलात. तुमचा एवढा मोठा गठ्ठा डोक्यावर लटकत होता तोवर मोठे फंड जवळ येत नव्हते. ही बाई कधी विकेल ह्याचा नेम नाही, म्हणायचे. तुम्ही विकून टाकलात आणि प्रश्नच मिटला. पडला तेव्हा मी पण घेतले की बक्कळ. पडल्यावरच घ्यायचं असतं." तो हसला. त्या हसण्यात उपहास नव्हता, हेच तिला सहन होईना; तो खरोखरच खूश होता. "तोटा झाला तो तुमचाच, आणि काही भित्र्या गड्यांचा. आपल्या जोतीरामनं तर पार तळाला नेऊन विकले. आठ दिवस थांबला असता तर! मी सांगत होतो, ऐकलं नाही गड्यानं. लाजेनं नोकरी पण सोडून गेला. जाऊ दे. चहा टाका की वैनी, तुमच्या हातचा."

"दूध नाही घरात."

"धारोष्णच्या मालकिणीकडं दूध न्हाय?"

"मी सार्वजनिक आहे, भावजी," ती म्हणाली आणि उठून दार उघडून उभी राहिली. तो गेला तरी ती दार धरून तशीच होती. तिला त्याचा राग येत नव्हता. राग शोधत ती आत आत गेली, तर तिथं टोपी ह्या हातातून त्या हातात घेणारा एक माणूस उभा होता.

कोडोलीला ती दुसऱ्या दिवशी गेली. वाठारपासून रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागं मागं गाडी रांगत होती. पर्समध्ये चेक होता. जोतीरामचा जेवढा तोटा झाला असेल त्याहून बराच जास्त लिहिलेला. लिहिताना हात हलका झाला होता. आता तो हलकेपणाही खोटा वाटत होता. शेड गावाच्या कडेला होतं. चार भिंती, शटर बसवलेलं, वर उघडं आभाळ. आत जोतीराम एका पालथ्या क्रेटवर बसून दूध मोजायचं यंत्र खोलत होता, दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचं. तिला बघून त्यानं उठल्यासारखं केलं आणि मग उठला नाही.

"जोतीराम," ती म्हणाली. बसायला काही नव्हतं, ती उभीच राहिली. "कंपनीत काही झालं नव्हतं. मला उदयसिंहाचा राग होता, म्हणून मी विकले. एकदम विकले, मुद्दाम. आत काही वाईट आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं."

स्क्रू काढताना जोतीरामचा हात थांबला. मग त्यानं तो स्क्रू झाकणात टाकला. "त्या दिशी एवढंच सांगायचं हुतंसा की, वैनी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता. त्यानं पुन्हा यंत्रात मान घातली.

बयाबाई, त्याची बायको, भिंतीआडून वैरणीचा भारा घेऊन आली तेव्हा तिनं हे ऐकलं होतं. तिनं भारा टाकला, पदरानं मान पुसली. संयोगितानं पुढं होऊन तिच्यासमोर चेक धरला. काहीतरी म्हणाली ती, भरपाई म्हणाली, हक्काचं आहे म्हणाली. बयाबाईनं चेक हातात घेतला, त्यावरचा आकडा वाचला, शांतपणे, एकेक शून्य. "ह्यो माणूस तुमच्यावर रागावत न्हाय," ती जोतीरामकडं बोट करून म्हणाली. "म्हणतोय, सायबांच्या घरचं मीठ खाल्लंय. मी न्हाय खाल्लो. त्येला तुमच्याकडं मीच धाडलो. बाकी सगळी ठेव म्हणत हुती. मी म्हटलो, वैनीस्नी इचार, त्या सांगतील ते खरं. आन् तुमी फाटकाची कडी हालवत बसलासा."

"म्हणूनच आले, बयाबाई. चूक झाली माझी."

"व्हय. दिऊन मोकळं व्हायला आलासा." तिनं चेक दुमडला, संयोगिताच्या पर्सच्या उघड्या कप्प्यात सरकवला आणि कप्प्याची चेन ओढून लावली, लहान पोराच्या दप्तराची लावावी तशी. "पत्रं आमी टाकू. आज न्हाय तर सालभरानं टाकू. पर माझा राग मी इकणार न्हाय. तुमी सगळं इकून बसलासा, आता ह्ये बी घ्याय आलासा व्हय?"

जोतीराम "आगं ये" म्हणाला, पण हळू. बयाबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती संयोगिताकडंच बघत होती, सरळ, पापणी न हलवता. त्या बघण्यात ना हळहळ होती, ना वैनीसाहेब, ना अमरसिंहाची बायको. तिनं जे केलं होतं तेवढंच बयाबाईला दिसत होतं. संयोगिताला काहीतरी बोलायचं होतं. मग तिच्या लक्षात आलं की जे बोलेल ते ह्या बाईकडून काहीतरी मागणंच होईल. ती वळली. गाडीपर्यंत चालताना पाठीवर ती नजर होती, आणि तिनं पावलं भरभर उचलली नाहीत की रेंगाळवली नाहीत. गाडी सुरू करून तिनं मागं बघितलं. बयाबाई शेडच्या तोंडाशी, कमरेवर हात ठेवून, अजून तशीच उभी होती. संयोगितानं काच खाली केली आणि ती नजर जिथवर पोचली तिथवर काच उघडीच ठेवून, सावकाश, ट्रॉल्यांच्या मागं गाडी चालवत राहिली.